‘गूढ आवाज’ म्हणणं आपण शिक्षकांनी तरी सोडूया



आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकांना हे नवीन नाही, पण बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे, औंढा नागनाथ तालुक्यातलं पिंपळदरी आणि त्या पट्ट्यातल्या इतर गावांत गेली काही वर्षं जमिनीतून आवाज येतात. कधी लांब कुठंतरी सुरुंग लागावा तसा एकच दणका, तर कधी आभाळातला गडगडाट भुईच्या पोटात व्हावा तसा. मांडणीवरची भांडी वाजतात, पत्रे थरथरतात, माणसं लेकरांना उचलून घराबाहेर येतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते, ‘भूगर्भातून पुन्हा गूढ आवाज’.

पेपरवाल्यांना मी दोष देत नाही, त्यांना मथळा लागतो. पण तोच शब्द जसाच्या तसा आपल्या वर्गात येतो, त्याचं मला वाईट वाटतं. लेकरू विचारतं, "मॅडम, भुईत काय हाय?" आपण म्हणतो, "काही नाही, गूढ आवाज आहे, बस खाली." लेकरू घरी जाऊन आजीला विचारतं. आजीकडे तिचं उत्तर असतं. मोबाइलवर त्याहून भारी उत्तर असतं, की ज्वालामुखी फुटणार, अमुक तारखेला मोठा भूकंप होणार. सगळ्यांकडे उत्तर आहे, फक्त शाळेकडे नाही. आणि गंमत बघा, याच शाळेत सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘ध्वनी’ नावाचा धडा आहे. तो आपण शिकवतो, ‘ध्वनी ही एक प्रकारची ऊर्जा आहे’ हे वाक्य पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

माझं मत असं, की भुईतला आवाज आणि पुस्तकातला धडा ही एकच गोष्ट आहे. ती आपण आपल्या मुलांपुढे एकत्र मांडली पाहिजे. हे मला वर्गात घडलेल्या एका प्रसंगामुळे कळलं, डी.एड.ला शिकताना नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची दुपार होती. आभाळ कोरडं, ढग नाही. तिसरीला हातच्याची वजाबाकी चालू होती. एकदम गुर्रर्र असा आवाज झाला, खिडकीचं तावदान खणखणलं, संपलं. दोन-तीन सेकंदांचा खेळ. लेकरं मैदानात पळाली आणि सगळी एकदम बोलायला लागली. "भुई गुरगुरली." "ट्रॅक्टर पलटी झाला वाटलं मला." "टाकीकडून आला आवाज." "न्हाई, मंदिराकडून आला." एक मुलगा मात्र गप्प उभा होता. मी त्याला विचारलं, घाबरलास का रे? तर म्हणाला, "म्याडम, फरशी हालली. पण आवाज कव्हा आला?"

मला वाटलं, पोरगं मस्करी करतंय. कारण हा तोच मुलगा, ज्याच्याबद्दल मी पालक सभेत दोनदा सांगितलं होतं की वर्गात लक्ष देत नाही, हाक मारली तरी बघत नाही. पण तो खरंच विचारत होता. तो भिंतीला टेकून, तळहात फरशीवर टेकून बसला होता. हादरा त्याला हातातून कळला होता. तीस लेकरांनी जे कानाने ऐकलं, ते त्याने ऐकलंच नव्हतं.

त्याच्याकडे परत येते. आधी तो आवाज म्हणजे काय होतं ते बघू, कारण त्याशिवाय त्या मुलाचं कोडंही सुटत नाही.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. फार जुन्या काळी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेलं हे दख्खनचं पठार. त्याच्या खाली आणखी जुना कठीण खडक आहे. या खडकात भेगा आहेत आणि त्यांच्यावर ताण आहे. कधी एखाद्या भेगेच्या दोन बाजू किंचित सरकतात. झालं, खडक हादरला. थाळीवर बोट मारलं की सगळी थाळी झणझणते तसं हे कंपन खडकातून चहूकडे पळतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कठीण खडकात पहिली लहर सेकंदाला ५ ते ६ किलोमीटर जाते, म्हणजे हवेपेक्षा पंधरा पटींहून जास्त वेगाने. पाच किलोमीटर खाली काही सरकलं, तर सेकंदभरात ते आपल्या अंगणात.

अंगणात आल्यावर काय होतं, ही माझी आवडती जागा आहे. मंडपातल्या स्पीकरचा पडदा पुढे-मागे होताना तुम्ही पाहिला असेल. तो हवेला ढकलतो, हवा आपल्या कानाच्या पडद्याला ढकलते. भूकंपाच्या वेळी गावची सगळी जमीनच असा पडदा होते. ती अगदी किंचित वरखाली होते, डोळ्याला दिसणार नाही इतकी, पण हवेला ढकलायला तेवढं पुरतं. म्हणूनच आवाज नेमका कुठून आला हे कुणाला सांगता येत नाही. एक पोरगा टाकीकडे बोट दाखवतो, दुसरा मंदिराकडे. दोघंही खोटं बोलत नव्हते. टाकीखालची जमीनही वाजत होती आणि मंदिराखालचीही.

मग प्रश्न येतो, प्रत्येक भूकंप ऐकू का येत नाही? याचं उत्तर फुटपट्टीने देता येतं. स्टीलची लांब पट्टी बाकाच्या कडेवर दाबून धरा. थोडीच बाहेर ठेवून छेडली तर झुंईं आवाज येतो. हळूहळू जास्त बाहेर काढत जा, आवाज जाड होत जातो. आणखी बाहेर काढली की पट्टी वरखाली होताना डोळ्यांना स्पष्ट दिसते, पण तिचा सूर काही ऐकू येत नाही. कंपन आहे, आवाज नाही! माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनं एवढंच ऐकू येतं. लांबच्या मोठ्या भूकंपाची लहर आपल्यापर्यंत येते तेव्हा ती लांब पट्टीसारखी संथ असते. पंखा डुलतो, पाणी हिंदकळतं, कान गप्प. याउलट जवळचा, उथळ, लहान धक्का हा आखूड पट्टीसारखा असतो. त्यात भरभर होणारी कंपनं असतात आणि आपला कठीण खडक ती फारशी न गिळता वर पोचवतो. मऊ गाळाची जमीन असती तर त्यातली बरीच वाटेतच जिरली असती. म्हणजे जो धक्का कानाला मोठा वाटतो तो ताकदीने मोठा असेलच असं नाही. हे वाक्य मी मुलांकडून दोनदा म्हणवून घेतलं. पाठांतरावर टीका करून मीही पाठच करून घेतलं, हसू नका.

आणखी एक. आधी गुरगुर आणि मग हादरा, असं बरेच जण सांगतात. खडकातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली दाबत-ढकलत येते, ती वेगवान. दुसरी दोरी झटकल्यासारखी आडवी हलवत येते, ती मागून. बहुतेक वेळा कानाला पहिली कळते, पायाला दुसरी. दोन्हींमध्ये जितके सेकंद गेले त्याला साधारण ८ ने गुणलं की धक्का किती किलोमीटरवर झाला याचा अंदाज येतो. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजतो, तसंच. पाचवीच्या गुणाकाराला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

रात्री आवाज जास्त येतात असंही लोक म्हणतात. रात्री गिरणी बंद असते, मोटारी बंद असतात, म्हणून ऐकू जास्त येतं. त्यातून जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला उशीतून, हाडांतून कंपन थेट मिळतं. आमच्या गावात बाजेवर झोपणाऱ्यांपेक्षा खाली झोपणाऱ्या म्हाताऱ्या आधी उठतात, हे मुलांनीच विचारपूस करून मला सांगितलं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ‘विज्ञान सांगून भीती घालवा’ म्हणता म्हणता आपण खोटा धीर देऊ नये. हे आवाज म्हणजे लहान भूकंपच आहेत, आणि आपल्या जिल्ह्याने मोठेही पाहिलेत. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ दहा-अकरा मिनिटांत ३.६ चा. १० जुलै २०२४ ला सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा ४.५ चा, केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ. नांदेड-परभणीपर्यंत लोक रस्त्यावर आले. आणि किल्लारी आपण कुणीच विसरलेलो नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले. मी तेव्हा बालवाडीच्या वयाची होते. आईने मला झोपेतच अंगणात आणलं, एवढंच आठवतं. किल्लारीच्या भागातही आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान धक्के जाणवले होते.

म्हणून मुलांना ‘काही होणार नाही’ असं मी सांगत नाही. भूकंपाची तारीख-वेळ जगात कुणालाच आधी सांगता येत नाही, म्हणून मोबाइलवरची तारीख खोटी, हे सांगते. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, हे मोठ्या मुलांना सांगते. आणि पत्र्यावरचे दगड काढा, हे सगळ्यांना सांगते. २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनानेही हेच आवाहन केलं होतं. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून आपण वर दगड ठेवतो. हादऱ्यात तोच दगड खाली झोपलेल्याच्या डोक्यात येतो. पालकहो, वारा अडवायला पत्रा हुकने किंवा तारेने बांधा. आमच्या वर्गातल्या लेकरांनी घरोघरी जाऊन दगड मोजले. आकडा इथे देत नाही, गावकरी मला रागावतील.

‘गूढ’ म्हटलं की करण्यासारखं काहीच उरत नाही, माणूस नुसता बसून राहतो. ‘कंपन’ म्हटलं की पत्र्यावर चढून दगड काढायचं सुचतं. माझं भांडण शब्दाशी आहे ते यासाठी.

जाता जाता एक. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ उभं राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं यंत्र, विश्वातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारं. या लहरी म्हणजे आवाज नव्हे. आवाजाला हवा, पाणी, दगड असं काहीतरी लागतं, या लहरी पोकळीतून येतात. पण १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या यंत्रांनी पहिली लहर टिपली, तेव्हा तिची कंपनं सेकंदाला साधारण ३५ पासून २५० पर्यंत चढत गेली. योगायोगाने हा आकडा आपल्या कानाच्या टप्प्यात बसतो, म्हणून शास्त्रज्ञांनी ती स्पीकरवर वाजवून दाखवली. एवढं नाजूक यंत्र जिथे येणार, त्या जिल्ह्याच्या लेकरांना भुईचा आवाज गूढ वाटावा, हे काही बरं नाही.

आता त्या मुलाकडे येते.

कंपन आलं, हवा हलली, पुढे काय? कानाच्या आत पडदा असतो, जेमतेम सेंटिमीटरभराचा. तो हलला की त्याला चिकटलेली तीन हाडं हलतात, हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सगळ्यात लहान हाड, सुमारे तीन मिलिमीटर. पडद्याचं आकारमान मोठं आणि रिकिबीची टेकण्याची जागा चिमुकली, म्हणून दाब आत जाईपर्यंत सुमारे वीस पट वाढतो. आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यातल्या बारीक केसांच्या पेशी डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. (वरातीत लेकराला खांद्यावर घेऊन डीजेच्या पेटीसमोर नाचणाऱ्या बापांनी हे वाक्य परत वाचावं.)

पडद्यामागची जागा हवेची असावी लागते. सर्दी-पडसं वारंवार झालं, कान फुटला की तिथं पाणी साठतं. हलगी वाजवणारा आधी जाळावर हलगी शेकून का घेतो? ओलसर चामडं भद्द वाजतं म्हणून. लेकराच्या कानाचा पडदाही पाण्याने असाच भद्द होतो. ते मूल पूर्ण बहिरं नसतं. जवळून, समोरून, मोठ्याने बोललं तर ऐकतं. म्हणून घरी कुणाला शंका येत नाही. शाळेत मॅडम फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा मात्र त्याला अर्धंच मिळतं, आणि मॅडम लिहितात, ‘लक्ष देत नाही’.

त्या दुपारनंतर मी हायस्कूलमधून नादकाटा मागून आणला. कानाजवळ धरला तर त्या मुलाने मान हलवली, नाही. त्याचाच दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, तर डोळे मोठे केले. "वाजतंय की!" म्हणजे आतली नळी ठीक होती, वाट बंद होती. मी डॉक्टर नाही, हा काही माझा तपासणीचा अधिकार नाही. पण डॉक्टरकडे पाठवण्याइतकं मला कळलं. त्याची आई म्हणाली, "लहानपणापासून वाहतोय कान. लसणाचं तेल सोडतो आम्ही." तेल बंद करा म्हटल्यावर ती माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली, की मीच काहीतरी चुकीचं सांगतेय.

आपल्या शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. २०१३ पासून ही योजना आहे, आणि कमी ऐकू येणं, कान वाहणं हे दोन्ही त्यांच्या यादीत आहे. पण शेकडो लेकरं एका दिवसात बघायची असतात. वजन, उंची, दात, पुढे. पथकाच्या हातात आपण आधीच पाच नावं लिहून दिली, तर काम वेगळं होतं. त्या वेळी मी दिली. डॉक्टरांनी त्याला कानाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. दोन्ही पडद्यांमागे पाणी, डाव्या पडद्याला छिद्रही. औषधाने उजवा कान बराच मोकळा झाला. डाव्याचं ऑपरेशन थोडा मोठा झाल्यावर करू, असं ठरलंय.

पालक सभेत मी त्याच्या आईची माफी मागितली. सोपं नव्हतं.

शिक्षक मित्रांनो, ही पाच नावं काढायला यंत्र लागत नाही. हजेरी घेताना एक दिवस तोंडासमोर रजिस्टर धरून नावं पुकारा, ओठ दिसू देऊ नका. कोण शेजाऱ्याकडे बघून ‘हजर’ म्हणतो ते टिपा. कोण एकच कान पुढे करतो, कोण टीव्हीला चिकटून बसतो हे पालकांना विचारा. मुलगी फार शांत आहे, गुणी आहे असं वाटत असेल तर तिचं नाव आधी लिहा. शांतपणाचं कौतुक करून आपण मुलींचे कान तपासायचेच विसरतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

आणि ध्वनीचा धडा घेताना ऊर्जेच्या व्याख्येपासून सुरुवात करू नका. पातेल्यावर फाटका फुगा ताणून बांधा, वर मोहरी टाका, जवळ थाळी बडवा, मोहरी उडते. स्टीलचा चमचा दोऱ्याच्या मधोमध बांधा, दोऱ्याची दोन टोकं दोन बोटांना गुंडाळून बोटं कानात घाला आणि चमचा बाकावर आपटा, देवळातली घंटा ऐकू येते. एकाला हातपंपाच्या पाइपला कान लावायला सांगा, दुसऱ्याला खाली दगडाने टकटक करायला. नंतर विचारा, त्या दिवशी भुई गुरगुरली तेव्हा काय झालं असेल?

आमच्या वर्गात याचं उत्तर त्याच मुलाने दिलं. आता तो पहिल्या बाकावर, उजवा कान माझ्याकडे करून बसतो. त्याने फरशीवर तळहात ठेवला, मग हात कानाकडे नेला आणि म्हणाला, "हितून निघालं, हितं आलं. माझं मधीच अडकलं व्हतं." मग त्याने मला विचारलं, मुंगीला कान नसतात तर तिला भूकंप कळतो का? पुढच्या आठवड्यात आम्ही मुंग्यांवर वाचणार आहोत.